बसलं म्हणजे चाललं नाही हो!

अंगठा! कॉम्प्युटरच्या दुकानातल्या त्या पोराने मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये, प्रोसेसर बसतो तिथे, अंगठा फिरवला! केसासारख्या अकराशे पंचावन्न पिना, आणि हा टेबलावरची धूळ पुसावी तसा अंगठा फिरवतो, मग मोबाईलचा टॉर्च मारून मलाच सांगतो, "सर, पिन वाकलीय. रिटर्न नाही होणार."

बोर्ड परत द्यायला गेलो होतो, कालची गोष्ट आहे. रात्रभर डोक्यातून जात नाहीये.

तो घ्यायला शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या एम. जी. रोडला गेलो होतो. दुकानात शिरल्या शिरल्या काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतंय: "आय फाइव्ह पंचवीसशे के आहे, ओव्हरक्लॉक करतो, झेड ६८ नाहीतर झेड ७७ बोर्ड द्या. पी ६७ असेल तर तोही घेईन. वापरलेला असला तरी हरकत नाही." 'के' म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर पळवता, म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा प्रोसेसर, आणि झेड ६८, झेड ७७, पी ६७ म्हणजे ते करू देणारे बोर्ड. यात न कळण्यासारखं काय आहे? शेठने मान वर न करता आत हाक मारली, "अरे, अकरा पंचावन्नचा एक काढ रे." आणि आला काय? एच ६१! रंगीत खोक्यातला, नवा कोरा, ओव्हरक्लॉक न करू देणारा एच ६१!

"शेठ, यात मल्टिप्लायर वाढत नाही."

"सर, सेकंड जनरेशन सपोर्टेड लिहिलंय खोक्यावर. प्रोसेसर बसतोय ना? मग चालेल."

"चालेल हो, पण ओव्हरक्लॉक?"

"बायोसमध्ये सगळं असतं. नाही झालं तर घेऊन या, मी बसलोय ना इथे."

मला माहीत होतं नाही होणार म्हणून. पण जूनमधल्या पहिल्या पावसात लाईट ये-जा करत होती, त्यात माझा झेड ६८ गेला. तेव्हापासून मशीन उघडं पडलंय. नव्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, कुणी काही सोय केली असेलही, असं वाटलं. 'घेऊन या' या दोन शब्दांवर विश्वास ठेवला आणि बत्तीसशे रुपये मोजले.

घरी येऊन प्रोसेसर आणि कुलरमधली जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कुलर बसवला, बायोस उघडला. सीपीयू रेशो, म्हणजे तोच मल्टिप्लायर, १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ज्याने गुणायचं तो आकडा. ४४ टाइप केलं, एंटर मारलं, परत ३७. ४० टाकलं, ३७. ३८ टाकलं, तरी ३७! म्हणजे टर्बोचे ते ३.७ गिगाहर्ट्झ, त्यापुढे एक पाऊल नाही. बरं, बेस क्लॉक वाढवून काही होतंय का, तर या पिढीत तो १०० चा क्लॉक पीसीआय, डिस्कची साटा लाइन, सगळ्यांना बांधलेला. १०३-१०५ च्या पुढे ढकलला की हार्ड डिस्कच गायब व्हायला लागते. मग तो 'के' अक्षराचा प्रोसेसर मी कशाला घेतला होता?

२०११ साली घेतलाय तो. सातपूरच्या कंपनीतला पहिला बोनस त्यात घातला. ३.३ चा प्रोसेसर, रात्र रात्र जागून, शंभर-शंभर मेगाहर्ट्झने वर नेत ४.४ वर आणला. १.३ व्होल्टच्या आत. इतकी वर्षं त्याच सेटिंगवर एकदा निळी स्क्रीन नाही. त्या प्रोसेसरमध्ये झाकण आणि चिप यांच्यामध्ये सोल्डर आहे, उष्णता सरळ वर येते. पुढच्या पिढीत तिथे पेस्ट भरली आणि तेवढ्याच कामाला तापमान वर गेलं. आणि हा शेठ मला काल काय सांगतो? "सर, जुना काढून टाका, चौतीस सत्तर देतो, थर्ड जनरेशन आहे." अहो, त्याला पुढे 'के' आहे का? लॉक्ड प्रोसेसर मला अपग्रेड म्हणून विकताय?

पण ते नंतरचं. आधी पिनांचं सांगतो.

परत द्यायला बोर्ड काढताना प्रोसेसर सरळ वर उचलला, सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण परत लावलं, त्याआधी मोबाईलने चार फोटो काढले. पाथर्डी फाट्यापासून खोदून ठेवलेल्या रस्त्यांतून खोका मांडीवर धरून रिक्षाने गेलो, स्कूटरच्या धक्क्यांत नको म्हणून. इतकी काळजी! आणि काउंटरवरच्या पोराने झाकण उपटलं, अंगठा घातला, फिरवला. माझ्या तोंडून "अरे अरे अरे!" निघेपर्यंत झालंसुद्धा. मी फोटो दाखवले. सगळ्या पिना एका रेषेत चमकताहेत फोटोत. शेठ म्हणतात, "फोटो कधीचा आहे काय माहीत." मला! जो माणूस दुकानात बिल मागून घेतो, पुठ्ठ्याचा तुकडासुद्धा जपून परत आणतो, त्याला खोटारडा ठरवलं, चार गिऱ्हाइकांसमोर. आवाज चढला माझा, हो चढला, आणि चढायलाच पाहिजे होता.

हे 'चालेल' आहे ना, याने माझं आयुष्य खाल्लंय. २०१४ मध्ये असंच "चालेल" म्हणून आठ जीबीची डीडीआर थ्री रॅम गळ्यात मारली. घरी आल्यावर नुसतं बीप बीप. तीन दिवस मी बोर्डाला शिव्या घातल्या. नंतर कळलं की ती फक्त एएमडीच्या बोर्डांवर उठणारी रॅम होती, स्वस्तात येते म्हणून ढीगभर आणलेली. तिच्यावरच्या चिपांची रचना इंटेलच्या कंट्रोलरला वाचताच येत नाही. खाच जुळते, स्लॉटमध्ये टक्कन बसते. बसली म्हणजे चालली?

कुलरचंही तेच. जुन्या सातशे पंचाहत्तर सॉकेटचा कुलर अकरा पंचावन्नवर "थोडा दाबून बसवा" म्हणे. भोकांमधलं अंतर एकाचं ७२ मिलिमीटर, दुसऱ्याचं ७५. तीन मिलिमीटर दाबायचे कुठून? बोर्ड वाकवून? आणि ते साडेचारशे वॅटचे एसएमपीएस, मशीनला वीज देणारे डबे! हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. स्टिकरवर ४५०, आणि बारा व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर ते वाचा एकदा. प्रोसेसरला खायला लागतं ते तिथून लागतं. असल्या डब्यावर ओव्हरक्लॉक करायचा म्हणजे बोर्ड, डिस्क, सगळं पणाला लावायचं.

आणि ते "१.५ व्होल्ट टाक, पाच गिगाहर्ट्झ टच होतो" सांगणारे! त्यांचाही मला तितकाच राग येतो. खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १.२ चे १.४ केले की नुसत्या व्होल्टेजपायी ३६ टक्के जास्त, वर वाढवलेल्या क्लॉकचं वेगळंच. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी चाळीस अंश असतात, पंख्याखाली बसवत नाही, तिथे ही उष्णता कुठे काढायची? व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज देणाऱ्या भागावर, हीटसिंक नसलेले बोर्ड याच सल्ल्यांनी मेलेत. मेले की दोष ओव्हरक्लॉकिंगला.

मग घरचे, मित्र, ऑफिसातले, सगळ्यांचं एकच, "नवीन घे ना." का घेऊ? नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नवी रॅम, जमलं तर नवा कुलरही. माझं चालू असलेलं, मी हाताने घडवलेलं मशीन एका बोर्डासाठी भंगारात का घालू? झेड ७७ बोर्ड या देशात लाखो लोकांच्या कपाटात पडून असतील. दुकानदाराला तो शोधायचा कंटाळा, एवढंच आहे. पाठीमागे एच ६१ ची थप्पी लागलीय, ती खपवायची आहे.

बत्तीसशे गेले. तो बोर्ड कपाटावर ठेवलाय, अंगठ्याचा डाग सॉकेटच्या कडेला अजून दिसतोय. शुक्रवारी सुट्टी टाकलीय. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठणार, लॅमिंग्टन रोडला एकेक जुन्या मालाचं दुकान बघणार. प्रोसेसर डबीत घालून सोबत नेतोय, भिंगही घेतलंय. समोर बोर्ड लावायचा, बायोस उघडायचा, ४४ टाकून ४४ च राहतंय का ते बघायचं, आणि सॉकेटचं झाकण मी माझ्या हाताने काढणार. त्यानंतरच पाकिटाला हात.