ढेपेचं पोतं आणि लाल त्रिकोणाची बाटली

धोकादायक मालाच्या वाहतुकीवरच्या तुमच्या लेखात ट्रक-टँकरचे नियम नीट सांगितलेत. पण फवारणीचं औषध आमच्या गावात येतं ते काळीपिवळीतून, नाहीतर मोटरसायकलच्या हँडलला लटकून. त्यावर एक ओळ तरी हवी होती. कीटकनाशक नियम 1971 मध्ये स्पष्ट आहे की खाद्यपदार्थ किंवा जनावरांच्या खाद्याला लागेल अशा रीतीने औषध नेऊ नये, ठेवू नये. वाटेत गळालं तर विषबाधा आणि माती-पाण्याचं प्रदूषण रोखायची तातडीची जबाबदारी वाहतूक करणाऱ्याची.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी जीपमध्ये लेबलवर लाल त्रिकोण असलेली औषधाची बाटली सरकीच्या ढेपेच्या पोत्याला टेकून होती. बूच सैल. पोत्यावर तळहाताएवढा ओला डाग आणि डोकं धरायला लावणारा वास. पोतंवाले काका म्हणाले, "वरचं काढून टाकतो, खालचं चालंल." मी हात जोडले, बैलांना घालू नका. शेवटी पोतं घरी नेलंच नाही त्यांनी. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, हे दुकानदारांनी बिल फाडतानाच सांगावं. आणि घरी नेताना बाटली झाकणाच्या बादलीत उभी ठेवा, सोबतचं माहितीपत्रक फेकू नका. उतारा कोणता, हे डॉक्टरला त्यातूनच कळतं.