कडुनिंब मेला नव्हता

आज सकाळी साडेसहाला कटर मशीनच्या आवाजानं जाग आली. गॅलरीत जाऊन बघते तर पलीकडच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा कडुनिंब अर्धा झालेला. चपला घालून तिथं पोचेपर्यंत उरलेला अर्धाही आडवा. रस्ताभर पाला, आणि त्या पाल्यात लिंबोळ्या. हिरव्या, टणक, देठाला चीक असलेल्या. मेलेल्या झाडाला लिंबोळ्या लागत नाहीत हो! एवढंच मला त्या माणसाला सांगायचं होतं, पण तो तोवर दोर गुंडाळत होता.

परवा रात्री वादळ झालं. आपल्या लातुरात मे महिन्यात होतं तसंच, आधी धूळ, मग वारा, मग चार थेंब. त्यात या झाडाची एक फांदी मोडून घरावरच्या पत्र्यावर पडली. एक फांदी. आणि तेवढ्यासाठी पंचवीस-तीस वर्षांचं झाड बुडापासून गेलं. "इमर्जन्सी होती ताई," असं उत्तर मिळालं. दिवसभर तो शब्द डोक्यातून जात नाही.

कारण हाच शब्द मी 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या अंगणात ऐकला होता.

आमचा कडुनिंब अण्णांनी 1994 च्या पावसाळ्यात लावला. त्याच्या आदल्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झालेला. तेव्हा लातुरात आम्ही कितीतरी रात्री घराबाहेर झोपलो, आणि दिवसाची सावली म्हणून शेजाऱ्यांच्या एका कडुलिंबाखाली बसून राहायचो. त्या दिवसांत अण्णांनी ठरवलं होतं की आपल्या दारात झाड पाहिजे. पुढच्या बावीस वर्षांत ते दुमजली घराएवढं झालं. मग 2016 आलं. मांजरा धरण कोरडं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. माणसांनाच घागर-घागर मोजून पाणी, तिथं झाडाला कोण विचारतो? एका दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, मांडीएवढी फांदी कडकन अंगणातल्या बाजेवर पडली. अण्णा त्या बाजेवरून दहा मिनिटांपूर्वी पाणी प्यायला उठले होते.

मग काय, सगळे जमा झाले. तोडून टाका, इमर्जन्सी आहे, झाड मेलंय. मीसुद्धा त्यात होते. मला काळजी अण्णांच्या जिवाची होती, झाडाची नाही.

अण्णांनी विळा आणला. शिडी लावायला लावली आणि विळ्याच्या टोकानं प्रत्येक मोठ्या फांदीवर नखाएवढी साल खरवडून बघितली. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं की पुढची फांदी. दोन फांद्यांवर मात्र खाली तपकिरी, कोरडं, भुसा पडावा तसं. त्या दोघींना त्यांनी चुन्याचं बोट लावलं. म्हणाले, "ह्या दोन मेल्यात. बाकीचं जितं हाय. जित्या झाडाला कुऱ्हाड लावतेत व्हय?"

गावाकडून मोसंबीच्या बागा छाटणारा एक म्हातारा माणूस बोलावला. त्यानं ती वाळलेली जड फांदी कशी काढली ते मला आजही दिसतं. आधी दोर बांधला, तो वरच्या भक्कम फांदीवरून घेऊन खाली दोघांच्या हातात दिला. मग खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूनं अर्धवट चीर घेतली. मग थोडं आणखी पुढं वरून कापलं. फांदी तुटली, पण तिच्याबरोबर खोडाची साल सोलपटून खाली आली नाही, कारण ती चीर मध्ये होती. राहिलेला खुंट मग फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो, त्याच्या बाहेरून हळू कापला. तो कडा कापायचा नाही, तिथूनच झाड जखम भरतं. वर बोर्डो पेस्ट लावली, मोरचूद आणि चुन्याची, मोसंबीच्या खोडाला लावतात तीच. आज त्या दोन्ही जागी गोल ओठ मिटावेत तशी साल मिटलेली आहे. कुणाला बघायची असेल तर या, दाखवते.

आणि पाणी. आईनं खोडाशी बादली ओतायला घेतली तर अण्णा ओरडले. "झाडाचं तोंड बुडात नसतं, लांब असतं." फांद्यांचा घेर जिथं संपतो त्याच्या खाली त्यांनी पहारीनं गोल चर खणला, वीतभर खोल. आंघोळीचं, भांडी विसळलेलं सगळं पाणी साठवून आठ-दहा दिवसांतून एकदा त्या चरात, संध्याकाळी, सावकाश. वर उसाचं पाचट अंथरलं, खोडापासून चार बोटं लांब, म्हणजे वाळवी चढायला नको. रोज तांब्याभर ओतून काही होत नाही, ते वरच्या वर उडून जातं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि दिवाळीला आमच्या दारात सावली होती.

म्हणून मला आज राग आला. अजूनही आहे.

त्या कोपऱ्यावरच्या लिंबाचं काय चुकलं सांगू? दोन वर्षांपूर्वी त्याच्या खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले. सिमेंटनं सांधे भरले. चिखल नको, गाडी लावायला जागा हवी. पाण्याचा थेंब आत जायला जागा नाही, हवा नाही. गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी एका बाजूला कंबरभर चर खणला, त्यात हाताएवढ्या मुळ्या तोडल्या. मी स्वतः त्या ढिगावर पडलेल्या बघितल्या आहेत. वरून तारांसाठी दरवर्षी एकाच बाजूनं छाटणी, सगळा भार घराकडे. काळी माती उन्हात भेगाळते तेव्हा बारीक मुळ्या तशाही तुटतात. एवढं सगळं आपण करायचं, आणि वारा आला की दोष वाऱ्याचा आणि झाडाचा! इमर्जन्सी परवा रात्री नाही झाली. ती दोन वर्षं त्या पेव्हरखाली चालू होती.

लिहिता लिहिता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दुपारी त्या घरातल्या वहिनी भेटल्या. ज्या पत्र्यावर फांदी पडली त्याच्या खाली त्यांचा चार वर्षांचा नातू झोपलेला होता. पत्रा वाकला, पोराला काही झालं नाही. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. मला बाजेवरची ती फांदी आठवली आणि तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. त्या रात्री मी त्यांच्या जागी असते तर मीही मशीनवाल्यालाच फोन केला असता.

आणि हो, काही झाडं काढावीच लागतात. एका रात्रीत कललेलं, बुडाशी एका बाजूची माती उचललेली, खोडात ढोली आणि बुडाशी अळंबी उगवलेली, असं झाड घरावर असेल तर मी त्याची वकिली करणार नाही. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्यानं परवानगी लागते, त्याला वेळ लागतो, लोक वैतागतात, हेही मान्य. पण त्याच कायद्यात धोकादायक झाडासाठी वाट ठेवलेली आहे. फोटो काढा, अर्ज द्या, पोच घ्या. सकाळी साडेसहाला उरकून टाकायचं कशाला?

तारेवर फांदी पडली असेल तर मात्र कृपा करून हात लावू नका. काठीनंही नाही, लाइट गेलेली असली तरी नाही. वीज कंपनीच्या 1912 ला फोन करा आणि माणसं लांब ठेवा. अर्धवट मोडून लोंबकळणाऱ्या फांदीखाली गाडी काढायलाही जाऊ नका. गाडी परत घेता येते.

आणि शेंडा उडवणं थांबवा. "वरून निम्मं करून टाका, मग धोका नाही" हे जे सांगतात ना, त्यांनी दोन वर्षांनी येऊन बघावं. त्या खुंटांवर झाडूसारखे फुटवे येतात, सालीलगत चिकटलेले, आतून धरलेलेच नसतात. पुढच्या वादळात आधी तेच मोडतात. शिवाय मेच्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते. "रुपयातले चार आणे काढायचे, त्याच्या वर नाही," हा अण्णांचा हिशोब होता.

2021 मध्ये शेजारच्या तेलंगणात कडुनिंबच्या कडुनिंब शेंड्याकडून तपकिरी पडले होते, बुरशीचा रोग होता. लोकांना वाटलं सगळे मेले. त्यातल्या कितीतरी झाडांना पुन्हा पालवी आली. लिंब असा सहजासहजी जात नाही. विळा घेऊन साल खरवडायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं!

संध्याकाळी परत तिकडं गेले होते. बुंधा वीतभर शिल्लक आहे. मशीनवाल्यानं त्यावर अ‍ॅसिड टाकायला सांगितलंय म्हणे, परत फुटू नये म्हणून. मी वहिनींना म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांबा. लिंब बुंध्यातून फुटतो. त्यातला एकच जोमदार फुटवा ठेवू, घराच्या उलट बाजूचा, पहिल्यापासून वळण लावू. त्या बराच वेळ बुंध्याकडे बघत राहिल्या. साल अजून ओली होती, कडेनं पाणी पाझरत होतं. मग म्हणाल्या, "हे पेव्हर काढावे लागतील का हो?"

उद्या सकाळी अण्णांची पहार घेऊन जाणार आहे.