त्या नोटेत अश्लील काय होतं?

कुठल्याशा माहितीपटाचा शो ऐनवेळी रद्द झाला म्हणून सकाळपासून एका पोस्टखाली वाद पेटलाय. त्यात एका महाशयांनी लिहिलंय, "एवढं काय, यूट्यूबवर टाका की. आता कोण अडवतंय?" उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून इथे टाकतेय.

१९६८ साली लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'चार शहर एक कहानी' हा छोटा कृष्णधवल माहितीपट केला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास. एका बाजूला चैन, दुसऱ्या बाजूला ती चैन उभी करणारे मजूर. मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतली थोडी दृश्यं. सेन्सॉर बोर्डाने 'ए' दिलं, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. अपिलात सरकार म्हणालं, 'यू' म्हणजे सगळ्यांना दाखवायचं सर्टिफिकेट देतो, पण ते दृश्य आखूड करा आणि तीन शॉट काढाच : बाई खिडकी लावून घेते तो, उघड्या गुडघ्यांचा, आणि नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाते तो.

गुडघे एक वेळ सोडून देऊ. नोटेत काय अश्लील होतं हो? पण कापणाऱ्याला बरोबर कळलं होतं. तो शॉट असला की प्रेक्षकाला व्यवहार दिसतो. काढला की उरते नुसती बदनाम गल्ली. माहितीपटाचा जीव असा दोन-तीन सेकंदांत असतो. तेवढं काढलं तरी लांबी जवळजवळ तीच राहते आणि फिल्मवर बंदीही येत नाही. फक्त ती काही म्हणेनाशी होते.

अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. प्रकरण चालू असतानाच सरकार नरमलं, एकही कट न लावता 'यू' देतो म्हणालं. दुसरा कोणी पेढे वाटून घरी गेला असता. या माणसाने याचिका दुरुस्त करून घेतली आणि आधी तपासून मग दाखवू देण्याच्या अधिकारालाच आव्हान दिलं. १९७० साली हरले. सिनेमा माणसाला जास्त ढवळून काढतो, म्हणून त्याला वेगळा न्याय, असं कोर्टाचं म्हणणं. सरकारने मात्र तिथे कबूल केलं की निर्णयाला मुदत घालू, स्वतंत्र अपिलाची सोय करू. त्यातलं अपिलीय न्यायाधिकरण यायला १९८३ उजाडलं. २०२१ मध्ये तेही गुंडाळलं.

आता बोर्डाच्या परीक्षण समितीने कट सांगितले की पुनरीक्षण समिती, तिथेही अडलं की थेट हायकोर्ट. आनंद पटवर्धनांच्या 'जंग और अमन' या माहितीपटाला २१ कट सांगितले होते. ते लढले आणि २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने फिल्म कटाशिवाय मोकळी केली. छान. पण ज्याने उसनवारी करून फिल्म पुरी केलीय त्याने वकील कुठून आणायचा? तो मुकाट्याने 'नोटेचा शॉट' काढतो. खरं तर पुढच्या वेळी तो शूटच करत नाही.

हो, वयानुसार वर्गवारी हवी, मान्य. आणि माहितीपटवाले काही धुतल्या तांदळाचे नसतात. मुलाखतीत मधलं वाक्य उडवायचं आणि सांधा दिसू नये म्हणून वर हाताचा किंवा भिंतीवरच्या घड्याळाचा शॉट चिकटवायचा, ही कात्रीच. पण त्या कात्रीबद्दल दिग्दर्शकाला नाव घेऊन झोडता येतं. समितीला कुठे गाठणार?

एक गोष्ट मात्र सरकारच्याच पदरात टाकते. १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय ॲम ट्वेंटी' केली. १९४७ साली जन्मलेल्या पोरापोरींना या देशाचं आणि स्वातंत्र्याचं काय वाटतं ते विचारलं. कोणी स्वप्नाळू बोलतं, कोणी चक्क कडवट. सरकारी पैशाच्या फिल्ममध्ये ती कडवट उत्तरं राहू दिली. बघा एकदा, फार गोड फिल्म आहे.

आणि २००४? मुंबईच्या मिफमध्ये, म्हणजे सरकारी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, भारतीय फिल्म्सनाच सेन्सॉर सर्टिफिकेट हवं, असा नियम आणला. ओरड झाली, नियम मागे घेतला, मग बऱ्याच टोकदार फिल्म्स निवडीतच गळल्या. पुन्हा तीच नोट! तेव्हा माहितीपटवाल्यांनी त्याच दिवसांत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवून त्या दाखवल्या.

तर महाशय, यूट्यूबला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही, हे खरं. पण सरकारी आदेश आला की तिथूनही व्हिडिओ गायब होतो. आणि चार माणसांनी एका हॉलमध्ये बसून फिल्म पाहायची, मग भांडायचं, हे घरात मोबाइलवर होत नाही. सार्वजनिक शोला सर्टिफिकेट लागतं. महोत्सव असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट, तीही फिल्म्सची यादी आणि सारांश आधी देऊन. ती वेळेत आली नाही की हॉलवाला घाबरतो.

कोणी शो ठरवत असेल तर अर्जाची पोच जपून ठेवा. हॉलवाल्याने किंवा पोलिसांनी फोनवर "नको" म्हटलं तर कारणासकट लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी कोणी देत नाही. मग आपणच त्याच दिवशी ईमेल करायचा : अमुक वाजता अमुक हुद्द्याच्या व्यक्तीने फोनवर असं सांगितलं, चूक असेल तर कळवा.