ओल्या फरशीवर पाय देऊ नये

इपॉक्सीच्या, म्हणजे फरशीवर मारायच्या दोन भागांच्या कोटिंगच्या, डब्यावर बारीक अक्षरांत एक ओळ असते : मिश्रण केल्यावर ३० मिनिटांत वापरा, २५ अंश तापमानाला. ज्यानं ही ओळ लिहिली तो वर्धा जिल्ह्यात कधी उतरलेला नाही. आमच्याकडे २५ अंश असतात ते हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात माझ्या वर्कशॉपमध्ये कापूस असतो. पार आढ्यापर्यंत. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, तरी बाबांचं 'अजून थोडं थांबू' काही सुटलं नाही. कापूस निघायला होळी जवळ येते आणि होळीसोबत पारा. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की त्या ३० मिनिटांची साधारण १५ होतात. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तर फरशी डब्यातच तयार व्हायची. बरं, पावसाळ्यात करावं, तर खाली काळी माती. ती महिनोन्महिने पाणी धरून बसते, ओल कोब्यातून वर येते आणि वरचा थर फोड आल्यागत सुटतो. लग्नाचा मुहूर्त याच्यापुढे सोपा. तिथं निदान भटजी असतो.

वर्कशॉप म्हणजे आमचा जुना गोठा. बैल विकले, कोबा राहिला. तिथं मी फवारणी पंप, पाण्याच्या मोटारी, कोणाची फटफटी असं उघडून बसतो. हे दुकान नाही, छंद आहे. गावाला हा फरक मान्य नाही. कोबा इतका जुना की झाडला तितकी सिमेंटची धूळ निघते, ग्रीस त्यात मुरतं, आणि पडलेला वायसर थेट पुढच्या पिढीलाच सापडतो. इपॉक्सी मारली की धूळ बंद, ऑइल पडलं तर फडक्यानं पुसायचं, वायसर दारातून दिसणार. मला तेवढंच हवं होतं.

पण इपॉक्सी लावणं हा कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग फरशी धुणं. आधी धुण्याच्या सोड्यानं ऑइल काढा, मग पाण्यात ॲसिड ओता (ॲसिडात पाणी ओतलं की दवाखाना), कोबा फसफसून खरखरीत होऊ द्या, पुन्हा सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी. मग थेंबाची परीक्षा. कोब्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. शोषला तर पास, तसाच गोल बसून राहिला तर खाली तेल आहे. सगळा गोठा पास झाला. फटफटी उभी राहते ती हातभर जागा मात्र नापास होत राहिली. तिथं मी गुडघ्यांवर बसून तारेचा ब्रश फिरवत होतो, तेव्हा शेजारचे काकाजी दारात येऊन टेकले.

"काय करून राह्यला बे?"

"फरशीले कोटिंग मारतो, काकाजी."

"काहून? जनावरं तं इकली ना?"

याला उत्तर नसतं.

सगळं वाळल्यावर ओलीची परीक्षा. अठरा इंची प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपनं कोब्याला चिकटवायचा आणि सोळा तास हात लावायचा नाही. खाली दव धरलं तर काम पुढं ढकला. सकाळी पाहतो तर प्लास्टिकच नाही. ते अंगणात मिरच्यांखाली अंथरलेलं. "चांगलं प्लास्टिक जमिनीले काहून चिकटवून ठेवलं होतं?" आईनं मलाच विचारलं. प्लास्टिक नवं आणलं, परीक्षा नव्यानं झाली, घरात पहारा बसवून.

मुहूर्त निघाला तो कापूस गेला त्याच आठवड्यातल्या पहाटेचा. रेझिन आणि हार्डनर, म्हणजे इपॉक्सीचे दोन भाग, डब्यावर दिलेल्या प्रमाणात मोजून बादलीत घेतले. हे प्रमाण म्हणजे भाजीतलं मीठ नव्हे. हार्डनर जास्त टाकून लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतं. ड्रिल मशीनला घोटणी लावली, बटण दाबलं आणि लाइन गेली. आता गंमत अशी, की दोन्ही एकत्र पडले की घड्याळ सुरू होतं आणि ते लाइनची वाट पाहत नाही. शिवाय माल बादलीत एकगठ्ठा राहिला की आपल्याच उष्णतेनं तापतो, तापला की आणखी लवकर धरतो, शेवटी धूर सोडतो. मी लाकडी पट्टीनं घोटायला घेतलं, बुड खरवडत, कडा खरवडत. आणि नेमके त्याच वेळी वस्तीवरचे आबाजी खांद्यावर फवारणी पंप घेऊन हजर.

"नोझल बसलं जी याचं."

"आबाजी, अर्धा तास थांबा."

"थांबतो ना. चहा ठेव म्हणाव."

बादली हाताला कोमट लागायला लागली होती. सगळा माल फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी ओतला. पसरला की उष्णता निघून जाते, थोडा वेळ मिळतो. मग खिळ्यांच्या चपला घालून मागच्या भिंतीपासून रोलर मारत दाराकडे सरकत आलो. आबाजी बाहेरून मार्गदर्शन करत होते. "तिकडं राह्यलं थोडं. आता हिकडं जास्त झालं." चहा आला, त्यांनी बशीत ओतून घेतला, मलाही आग्रह झाला. चहाला नाही म्हणणं आमच्याकडे भांडण समजतात. मी नाही म्हणालो.

तासाभरात फरशी आरशासारखी झाली आणि आढ्यावरून कापूस उतरू लागला. क्विंटलच्या क्विंटल बाजारात गेला होता, पण वाशांना चिकटलेले तंतू माझ्यासाठी मागं थांबलेले. एकेक तंतू उजेडात चमकत, वळणं घेत, अजिबात घाई न करता खाली येई आणि बरोबर मधोमध बसे. काढायला जावं तर पाय ठेवायला जागा नाही. मी दार ओढून घेतलं.

त्यावर चोवीस तास पाय नाही आणि जड सामान सात दिवस नाही, असा नियम. दाराला दोरी बांधली. गावात दोरीचा अर्थ एकच, खालून वाकून जावं. तेव्हा मी बाज आडवी टाकून दारातच झोपलो. तरीही येणारा प्रत्येक जण बाजेवरून हात लांबवून बोट टेकवायचा, "वाळलं का पाह्यलं." आजही उंबरठ्याच्या आत वीतभर पट्ट्यावर बोटांचे ठसे आहेत, लहान, मोठे, एक अंगठा तर इतका स्पष्ट की सातबाऱ्याच्या कामाला चालावा.

सात दिवस संपले. मी बाज हटवली, दोरी सोडली, दोन्ही दारं सताड उघडून आत स्टूल टाकून बसलो. आबाजी पंप घेऊन आले, उंबरठ्याशी चपला काढल्या आणि तिथंच थबकले.

"या ना आबाजी, आत या."

"नाई बाप्पा. चकचक करून राह्यलं ते. पाय घसरते."

"वाळू टाकली आहे वरून, नाही घसरत."

"खराब होईन उगी. तूच ये बाहीर."

तेव्हापासून जो येतो तो आपला पंप, आपली मोटार कडुनिंबाखाली मातीत ठेवतो आणि मला हाक मारतो. परवा तिथं एक वायसर पडला. आम्ही चौघं अजून शोधतो आहोत.