मारबतीची तारीख

टेस्टवर दोन रेषा आल्या आणि दसऱ्यानंतरच्या शनिवारची अपॉइंटमेंट मिळाली, तर आमच्याकडे अशी तयारी सुरू झाली की वाटावं मी दहावीच्या बोर्डाला बसून राहिली. नवऱ्याने सीताबर्डीवरून फाइल आणली, तीही 20 कप्प्यांची. त्यात टाकायला आमच्याकडे कागद एकच, कॉलेजच्या रक्तदान शिबिरातलं माझं ब्लड ग्रुपचं कार्ड. बाकीच्या 19 कप्प्यांकडे पाहून तो म्हणे, "भरतील ना हळूहळू."

फोनवर रिसेप्शनिस्टने बजावलं होतं, एलएमपी लिहून आणा. म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. झालं, माझी बोलती बंद. मोबाइलमध्ये त्याचं ॲप आहे पण मार्चपासून मी त्यात काही भरलंच नाही, ते बिचारं सहा महिने मला "उशीर झाला आहे" सांगून थकलं. नवऱ्याने त्याच्या फोनमधली पेमेंटची हिस्ट्री काढली, का तर पॅड मी त्यालाच आणायला सांगते. त्यात सापडलं पेट्रोल, पेट्रोल, तर्री पोहे, पेट्रोल.

शेवटी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "मारबतीचा दिवस होता तो. तू पोट धरून पडली होती, हा महालात मारबत पाहायला गेला होता, अन् मी म्हटलं बरं झालं, महालक्ष्म्या आठ दिवसांवर आहेत, तोवर मोकळी होते. मला नाही आठवणार त कोणाला?"

मारबत म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आमच्या नागपुरात त्या दिवशी महाल भागातून मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. कॅलेंडर काढलं. 23 ऑगस्ट. या घरात माझ्या पाळीचा हिशोब देवांच्या सोयीने ठेवतात यावरून मी दोनदा भांडलेय, पण त्या दिवशी मुकाट तारीख लिहून घेतली.

त्यातली खरी गंमत मला नंतर कळली. डॉक्टर दिवस त्याच तारखेपासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे काहीच न करता खात्यात जमा! अख्खं नागपूर "घेऊन जा गे मारबत" ओरडत होतं तेव्हा मी हॉट वॉटर बॅग घेऊन लोळत होते आणि कागदोपत्री गरोदर होते.

निघताना मोठ्या जाऊबाईंचा फोन, सोनोग्राफी असेल तर लघवी भरलेली पाहिजे, लिटरभर पाणी पिऊनच निघ. प्यायले. मनीषनगर ते धंतोली एरवी किती जवळ वाटतं हो! त्या दिवशी मला वाटेतला प्रत्येक स्पीडब्रेकर पर्सनली ओळखू यायला लागला. नवरा काळजीने गाडी इतकी हळू चालवून राहिला होता की मागून सायकलवाला पुढे गेला. धंतोलीत पार्किंग शोधत तीन चकरा. मी म्हटलं मला इथेच उतरव, तर म्हणे, "थांब ना, फाइल माझ्याकडे आहे."

वेटिंग रूममध्ये आमचा नंबर 14, आत चालू 6. मी पायावर पाय घट्ट दाबून बसलेली, आणि बाजूला सासूबाई भिंतीवरचा बोर्ड मोठ्याने वाचत होत्या, "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, हा गुन्हा आहे." दोनदा वाचून म्हणाल्या, "बरोबरच आहे." मग पर्समधून पाण्याची बाटली काढून मलाच, "घे, सुकली तू."

दीड तासाने आत गेलो. डॉक्टर मॅडमनी तारीख विचारली, मी काही बोलायच्या आत सासूबाई, "मारबतीच्या दिवशी." मॅडम नागपूरच्याच असाव्यात, कॅलेंडर न पाहता 23 ऑगस्ट लिहिलं. मग म्हणाल्या, सहाच आठवडे झालेत, पोटावरून नीट दिसणार नाही, आतून करू. "त्याला ब्लॅडर रिकामं लागतं. जाऊन या."

मी गेले. त्या दोन मिनिटांबद्दल मी इथे काहीच लिहिणार नाही.

परत आले तोवर नवऱ्याच्या हातात टेस्टची यादी होती, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, काविळीची, आणि आपल्या विदर्भात असतेच ती सिकलसेलची. वर फॉलिक ॲसिडचं प्रिस्क्रिप्शन. दोन कप्पे भरले म्हणून त्याचा चेहरा फुललेला.

सोनोग्राफी झाल्यावर मॅडमनी तारखेत सात दिवस मिळवले, तीन महिने मागे गेल्या आणि म्हणाल्या, "30 मे."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बापा! भर नवतपात? उन्हाच्या त्या नऊ दिवसांत?"

आणि तासभर गप्प बसलेल्या नवऱ्याने पहिल्यांदाच डॉक्टरांना प्रश्न विचारला, "मॅडम, बाळंतिणीच्या खोलीत कूलर चालते का?"