'लास्ट ख्रिसमस' १९८४ला नंबर वन नव्हतं!

ब्रिटनच्या जुन्या ख्रिसमस चार्टच्या, म्हणजे ख्रिसमसच्या आठवड्यातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीच्या, आठवणींची एक पोस्ट फिरतेय, त्यात म्हटलंय की वॅम या जॉर्ज मायकलच्या पॉप जोडीचं 'लास्ट ख्रिसमस' हे गाणं १९८४ला ख्रिसमसचं नंबर वन होतं. नाही हो, ते दोन नंबरवरच राहिलं, वर होतं बँड एड या अनेक गायकांच्या गटाचं इथिओपियाच्या दुष्काळासाठी केलेलं गाणं, आणि त्यातही जॉर्ज मायकल गायलाय, शिवाय वॅमने स्वतःच्या गाण्याची रॉयल्टीपण त्याच मदतीला दिली, हे खरं तर आवर्जून सांगायला हवं. 'लास्ट ख्रिसमस' पहिल्यांदा एक नंबरला गेलं जानेवारी २०२१मध्ये आणि ख्रिसमसचं नंबर वन थेट २०२३ला! जॉर्ज २०१६लाच गेला, तेही २५ डिसेंबरला, त्याला हे बघायला मिळालं नाही याचं फार वाईट वाटतं. चार्टमध्ये स्ट्रीमिंग मोजायला लागले म्हणून जुनी गाणी दर डिसेंबरात अशी वर येतात.