पाळी संपल्यावरचा आठवडा ‘बिनधोक’?

तारखा मोजून गर्भधारणा टाळण्यावरच्या लेखात पाळी संपल्यानंतरचे सात-आठ दिवस संबंधासाठी सरसकट बिनधोक म्हटले आहेत, ते पटलं नाही. पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं हे २८ दिवसांच्या चक्राचं गणित. खरं तर बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, म्हणजे मोजायचं मागून. आणि पुढची पाळी कधी येणार हे आधी कुणाला ठाऊक असतं?

चक्र २४ दिवसांचं धरा. बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. रक्तस्राव पाचव्या दिवशी थांबला आणि सहाव्या दिवशी संबंध आला, तर शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण तेवढं पुरतं.

मोजूनच चालायचं असेल तर मण्यांची माळ असते. ३२ मणी, लाल मणी पाळीचा पहिला दिवस, रबरी कडी रोज एक मणी पुढे. ८ ते १९ हे पांढरे मणी जोखमीचे. पण चक्र नेहमी २६ ते ३२ दिवसांचं असेल तरच ती वापरायची. तरीही प्रत्यक्ष वापरात वर्षभरात शंभरातल्या साधारण बारा जणींना दिवस जातात. बाळंतपणानंतर पाळीची घडी बसेपर्यंत किंवा पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोषांचा विकार) असेल तर हा नादच नको. सरकारी दवाखान्यात निरोध, तांबी (कॉपर-टी), ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या फुकट मिळतात. लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही! आणि ‘तारखा सांभाळ’ हे दर वेळी बायकोलाच का ऐकवायचं? निरोध नवऱ्यालाही आणता येतो की.